पदकानंतरचे वय

ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्याला केंद्र सरकार दरमहा 20 हजार रुपये निवृत्तिवेतन देते. ते सुरू होते तिशी पूर्ण झाल्यावर किंवा खेळातून निवृत्त झाल्यावर, यातले जे नंतर घडेल तेव्हा. इतरांची नोकरीत जेमतेम घडी बसते त्या वयात खेळाडू निवृत्तिवेतनाला पात्र होतो. कारकीर्द किती आखूड असते हे सरकार जाणते, पालक जाणतात, प्रशिक्षक तर रोज पाहतात. तरी ती संपण्याची तयारी कोणाच्याच वेळापत्रकात नसते. खेळ सुटल्यावर खेळाडू मनाने खचला की आपण त्याच्या कणखरपणावर शंका घेतो. माझ्या मते शंका घ्यायला हवी ती त्याला घडवणाऱ्या पद्धतीवर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा सारा पैशाचा प्रश्न, आणि तो आता सुटला. कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकले. 1952 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी, जाधवांनी कांस्यपदक आणले. पुढे 1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, पण निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. 1984 मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. याउलट 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकताच कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेला राज्याने 1 कोटी जाहीर केले, रेल्वेने बढती दिली. फरक मोठा आहे आणि तो मान्यच करायला हवा. पण अभिनव बिंद्राकडे पैसा पहिल्यापासून होता, घरच्या आवारात स्वतःची शूटिंग रेंज होती. 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकल्यानंतर आपल्याला विलक्षण पोकळी जाणवली, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. वर्षानुवर्षे ज्या एका गोष्टीसाठी उठायचे ती मिळून गेली, मग उद्या उठायचे कशासाठी? या प्रश्नाला धनादेश हे उत्तर होऊ शकत नाही.

मग नोकरी? आपल्या छत्रपती संभाजीनगरचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी डिसेंबर 2001 मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. विजयासाठी हव्या असलेल्या 5 धावांसाठी त्यालाच सलामीला धाडले आणि त्या त्यानेच काढल्या. त्याची ती एकमेव कसोटी. समोरच्या संघात ग्रॅहम थॉर्प होता. तो एकूण 100 कसोटी खेळला, 16 शतके केली आणि खेळ थांबल्यावर प्रशिक्षक झाला. 2022 मध्ये तेही पद गेले. ऑगस्ट 2024 मध्ये, वयाच्या 55व्या वर्षी, थॉर्पने जीवन संपवले. तो तीव्र नैराश्याने ग्रासला होता, हे त्याच्या कुटुंबीयांनी उघडपणे सांगितले. आत्महत्येला एकच कारण चिकटवू नये, हे खरे. तरीही इतके दिसतेच की शंभर कसोट्यांची पुण्याई आजारापासून वाचवत नाही आणि खेळातलेच दुसरे पद म्हणजे खेळाबाहेरचे आयुष्य नव्हे.

दुसरा आक्षेप प्रशिक्षकांचा असतो आणि तो अधिक वजनदार आहे. पोराच्या डोक्यात आतापासून ‘नंतरचे’ घातले तर त्याची धार जाईल, असे त्यांना वाटते. पुरावा मात्र उलटा आहे. कुसळे ऑलिंपिकला गेला तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी महार रेजिमेंटचा जवान, सियाचीनमध्ये तैनात राहिलेला. स्टीपलचेस नंतर आली आणि 2023 मध्ये आशियाई सुवर्णही. दुसरी ओळख असल्याने दोघांचीही धार बोथट झालेली दिसत नाही. सर्वांत बोलके उदाहरण मुरलीकांत पेटकरांचे. लष्करातला हा बॉक्सर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा पडला. बॉक्सिंग गेले, पण उपचारांचा भाग म्हणून पोहणे आले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटरचे सुवर्ण. नंतर पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी. देशाने पद्मश्री द्यायला 2018 उजाडले, ती लाज वेगळी. पण पेटकर उभे राहिले, कारण जखमी जवानाचे पुढचे आयुष्य उभे करणे हे लष्करी रुग्णालयाने आपले काम मानले. जायबंदी कुस्तीगिराबद्दल किंवा निवडीतून वगळलेल्या धावपटूबद्दल असे काम कोणाचे, हे आपल्याकडे ठरलेलेच नाही.

केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये निवृत्त खेळाडूंसाठी ‘रिसेट’ नावाचा प्रशिक्षण उपक्रम सुरू केला. पाऊल योग्य आहे, पण दुखणे जडल्यावरचे. शिवाय निवृत्तिवेतन पदकवाल्यांना. पदक हुकलेले, जे संख्येने कितीतरी अधिक, त्यांची मदार राज्याच्या 5 टक्के आरक्षणावर, आणि तिथे बोगस प्रमाणपत्रांनी खऱ्यांच्याही कागदाकडे संशयाने पाहायची वेळ आणली. पैसा नाही ही सबब तर या शहरात कोणी सांगूच नये. गारखेड्यातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून सुमारे 21 कोटी रुपये परस्पर काढल्याचा गुन्हा डिसेंबर 2024 मध्ये इथेच दाखल झाला. त्यातल्या किरकोळ रकमेत एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दोन शिक्षक वर्षानुवर्षे नेमता आले असते.

विद्यापीठ परिसरातल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (‘साई’) केंद्रात किंवा गारखेड्याच्या मैदानावर मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी प्रशिक्षकाला सरावाची वेळ विचारतानाच आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: मुलांच्या मनाकडे पाहणारा जाणकार इथे कोणत्या दिवशी येतो, आणि बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात सरावाला सुट्टी मिळते का?