शनिवारी थांबलेला घाणा

कोकणातील कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल हे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळीत. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. (शेजाऱ्यांनी ठेविलेली नावे इतकी नेमकी क्वचितच असतात.) त्यांचे मुंबईतील पहिले सभास्थान 1796 साली झाले. तत्पूर्वी हिब्रू भाषा ते बहुतेक विसरले होते; पण तो वार त्यांनी सोडिला नाही.

यहुदी लोक मोशेचे पाच ग्रंथ 54 भागांत वाटून शब्बाथाच्या दिवशी क्रमाने वाचितात व वर्षाअखेर संपवितात. त्यांतील 'यित्रो' नामक भागात दहा आज्ञा येतात. शब्बाथाची विश्रांती तेथे केवळ धन्यास सांगितलेली नाही. दास, दासी, गुरेढोरे व वेशीच्या आतील परका, या सर्वांस ती सांगितली आहे. पुढे 'वाएतहनान' या भागात तिचे कारण येते: मिसर देशी तुम्हीही दास होता. हे कारण आम्हांस फार मोलाचे वाटते. घाणा थांबला म्हणजे बैलाच्या मानेवरचे जूही उतरले.

दासीचे कष्ट गंगाखेडकरांस निराळे सांगावयास नकोत. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई येथलीच. आमच्या बालवाचकांनी आज घरी एवढेच विचारावे, की आपली भांडी घासणाऱ्या बाईंस आठवड्यातून सुटी कोणत्या वारी असते.