संमती : एका शब्दाचा अर्थ

महाविद्यालयात आल्यापासून ‘संमती’ हा शब्द मी अनेकदा वाचला. सहलीला जायचे, शिबिराला जायचे, तर पालकांचे संमतिपत्र हवे. त्यावर वडील सही करतात किंवा आई अंगठा उठवते. पण मुलीची स्वतःची संमती म्हणूनही काही असते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी हा विषय काढण्याची सोय नाही. म्हणून ग्रंथालयात बसून जे वाचले, ते येथे मांडते.

या शब्दाचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, चौदा ते सोळा वर्षे वयाच्या एका आदिवासी मुलीवर पोलीस चौकीतच अत्याचार झाल्याची तक्रार झाली. हाच ‘मथुरा खटला’. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. भीतीने हतबल होऊन शरण जाणे ही संमती नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडले. का? तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते!

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ साली संमतीची व्याख्याच कायद्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तीच आहे. तिचा सोपा अर्थ असा : संमती स्वेच्छेने दिलेली व निःसंदिग्ध हवी, शब्दांनी वा खुणेने स्पष्ट कळलेली हवी, आणि ती त्या विशिष्ट कृतीपुरतीच असते. स्त्रीने हातपाय झाडून प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे ठरत नाही.

आता हे आपल्या रोजच्या जगण्याला लावून पाहू. वही मागितली, एकत्र चहा घेतला, एस. टी. त शेजारी बसली, म्हणजे पुढच्या सगळ्याला होकार दिला असे नव्हे. काल ‘हो’ म्हटले, म्हणून आजही ‘हो’ असे नव्हे. धमकावून, फसवून किंवा नशेत असताना मिळवलेला होकार हा होकारच नव्हे. अठरा वर्षांखालील मुलीचा होकार तर कायदा मानतच नाही. आपल्या आवारात अकरावी-बारावीचे वर्गही भरतात, हे ध्यानात ठेवावे. नकार मिळाल्यावरही मागे मागे फिरणे याला चित्रपटांत प्रेम म्हणतात, कायद्यात मात्र तो गुन्हा आहे.

मित्रांनो, यात तुम्हाला अवघड असे काय आहे? शंका असेल तर विचारावे, उत्तर मिळाले नाही तर थांबावे. आणि आपलाच मित्र मर्यादा सोडत असेल, तर हसण्याऐवजी त्याला अडवावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. लिहिणे जमत नसेल, तर समितीने मदत करायची असते. विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल, तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. तातडीच्या वेळी ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलावता येते.

हे सारे असूनही माझ्यासारख्या मुली गप्प बसतात. कारण एकच : घरी कळले तर कॉलेज बंद होईल, लगेच स्थळे पाहायला लागतील. गुन्हा एकाचा आणि शिक्षण सुटते दुसरीचे! मुलीचे नाव काढून टाकणे हा तिच्या रक्षणाचा उपाय नव्हे, हे पालकांना सांगायला हवे. म्हणून पालक मेळाव्यात गुणपत्रिकांबरोबर या समितीचीही माहिती द्यावी, अशी आमच्या प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.