शोकग्रस्त बालक : घर, गाव आणि शाळा यांचे सहकार्य

पनवेलनजीकच्या खांदेश्वर येथील महादेवाचे मंदिर व तलाव परिसरातील लोकांस सुपरिचित आहेत. मानसरोवर व पनवेल यांच्या दरम्यान याच नावाचे रेल्वे स्थानक असून त्याच्या आसपास खांदा, आसूडगाव, कामोठे ही जुनी गावे आणि सिडकोने वसविलेल्या वसाहती एकमेकींस लागून आहेत. या वसाहतींत कोकणातून, घाटावरून व खानदेशातून रोजगारासाठी आलेली अनेक कुटुंबे राहतात. अशा कुटुंबातील कर्ता पुरुष अकाली मरण पावला म्हणजे घरभाडे परवडेनासे होते. आई मुलांना घेऊन सासरी वा माहेरी परतते आणि एखाद्या खेड्यातील शाळेच्या हजेरीपटावर वर्षाच्या मध्यावर एक नवे नाव चढते. दाखल्यावर जन्मतारीख असते, इयत्ता असते. परंतु मुलाच्या मनावर कोणता आघात झाला आहे, हे त्यावर लिहिलेले नसते. मुलाने वडील गमावलेले असतात; त्याबरोबरच घर, मित्र, परिचित शिक्षक आणि जिना-गल्लीसुद्धा गमावलेली असतात. ज्या शिक्षकास यातील काहीच ठाऊक नाही तो त्या मुलास मंद अथवा हट्टी समजतो. ही चूक टाळावयाची असेल, तर घर, जुनी शाळा, नवी शाळा आणि गाव यांनी परस्परांशी बोलणे अवश्य आहे.

बालकाचा शोक कसा असतो?

मोठ्यांचा शोक सलग असतो, मुलांचा तुटक असतो. सकाळी रडलेले मूल दुपारी मैदानावर खेळताना दिसते. म्हणून त्यास दुःख नाही असे मानणे योग्य नव्हे. पाच वर्षांपर्यंतच्या बालकास मृत्यू हा प्रवासासारखा वाटतो. गेलेला माणूस परत येईल, अशी त्याची समजूत असते. पुढील तीन-चार वर्षांत मृत्यू कायमचा असतो व तो सर्वांना येतो, हे त्यास हळूहळू उमगते. याच वयात “मी आईचे ऐकले नाही म्हणून ती गेली” असा दोष मूल स्वतःकडे घेते. दहा वर्षांच्या पुढील मुलास सर्व कळते. परंतु आईला अधिक दुःख होऊ नये म्हणून ते गप्प राहते, आणि मोठ्यांना ते शहाणे झाले असे वाटते.

शोकाची चिन्हे शाळेत निराळ्या रूपाने दिसतात. वारंवार पोट वा डोके दुखणे, लक्ष न लागणे, लहानसहान कारणावरून मारामारी, शाळा सुटण्यापूर्वीच घरी जाण्याचा आग्रह, ही ती चिन्हे होत. आपण शाळेत असताना घरी उरलेले माणूसही जाईल, ही भीती पुष्कळदा त्यांच्या मुळाशी असते.

इर्शाळवाडीने दिलेला धडा

खांदेश्वरहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने चौकच्या बाजूस गेले असता इर्शाळगडाचा सुळका दृष्टीस पडतो. त्याच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकूर समाजाच्या वाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीतील काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली. पुढे वाचलेल्या कुटुंबांची सोय चौक येथे कंटेनरमधील तात्पुरत्या वसतीत झाली आणि त्यांच्यासाठी पक्की घरे बांधण्याचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले.

या घटनेतून शिक्षकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ज्याचा देह सापडला नाही त्याचे अंत्यदर्शन नाही, म्हणून मुलाच्या मनातील आशा मावळत नाही. अशा मुलाशी “आता विसर” असे बोलणे निष्ठुरपणाचे होय. त्यास वाट पाहण्याची व त्याविषयी बोलण्याची मुभा असावी. दुसरी गोष्ट अशी की, वसतिगृहात असल्यामुळे वाचलेल्या मुलाच्या मनात “मी तेथे का नव्हतो?” हा प्रश्न डाचत राहतो. त्याचे वाचणे हा त्याचा अपराध नव्हे, हे त्यास एकदा सांगून भागत नाही. पुनःपुन्हा सांगावे लागते.

माळीण (३० जुलै २०१४) आणि महाड तालुक्यातील तळिये (२२ जुलै २०२१) येथेही पावसाळ्यातच दरडींनी वस्त्या गाडल्या. अशा परिसरातील मुले पहिल्या मोठ्या पावसात कावरीबावरी होतात. त्या दिवसांत गैरहजेरीबद्दल शिक्षा करू नये. वर्गाची दारे-खिडक्या, बाहेर पडण्याची वाट व सुरक्षित जागा मुलांना आधीच दाखवून ठेवावी. आपण निघू शकतो, हे ठाऊक असले म्हणजे भीती आटोक्यात राहते.

घराशी बोलताना

दुःखद वार्ता कळताच मुख्याध्यापकाने वर्गशिक्षकासह घरी जावे. मुलास काय सांगितले आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. “बाबा गावाला गेले” असे सांगण्याची रीत सर्वत्र आढळते. खांदेश्वरसारख्या वस्तीत तर ती विशेष घातक ठरते. कारण तेथील प्रत्येक कुटुंब खरोखरीच गावाला जाते व परत येते. पुढे मूल स्वतः गावी आले आणि तेथेही वडील दिसले नाहीत, म्हणजे त्याचा मोठ्यांवरील विश्वास उडतो. “बाबा झोपले” असे सांगितलेले मूल रात्री झोपण्यास भिते. यास्तव “बाबांचे शरीर काम करीनासे झाले, ते मरण पावले, ते परत येणार नाहीत, यात तुझा काही दोष नाही” असे साधे व खरे वाक्य घरच्यांनी बोलावे आणि शाळेनेही तेच बोलावे. कुटुंबाच्या श्रद्धेप्रमाणे देवाघरचा उल्लेख त्यास जोडण्यास हरकत नाही. मृत्यू आत्महत्येने झाला असल्यास त्याचा प्रकार वर्णन करू नये. मात्र खोटेही सांगू नये. गावात कुजबुज होणारच. ती मुलाच्या कानी पडण्यापूर्वी घरच्या माणसाने त्यास जवळ घेऊन सांगितलेले बरे.

दहावे, तेरावे या विधींसाठी मूल गैरहजर राहील. त्याची रजा मानावी. क्षौर करून आलेल्या मुलाची चेष्टा होण्याचा संभव असतो, म्हणून ते येण्यापूर्वीच वर्गास समज द्यावी.

वर्गातील वागणूक

मूल परत येण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकाने वर्गास थोडक्यात खरी हकीकत सांगावी आणि मित्रांनी कसे वागावे हे समजवावे : प्रश्नांचा भडिमार नको, दूर सरणेही नको, नेहमीप्रमाणे खेळावयास बोलवावे. मुलास भर वर्गात उभे करून सांत्वन करू नये. रडू आल्यास कोठे बसावे व कोणास सांगावे, हे त्याच्याशी आधीच ठरवावे. गृहपाठाची सवलत द्यावी, परंतु काम पूर्णपणे काढून घेऊ नये. नित्याचा परिपाठ, नित्याची घंटा यांतच दुखावलेल्या मनास आधार मिळतो. ‘श्यामची आई’सारख्या पुस्तकातील आईच्या आठवणींचा पाठ असेल किंवा ‘माझे बाबा’ हा निबंध द्यावयाचा असेल, तर त्या मुलास एकांतात पूर्वसूचना देऊन दुसरा विषय निवडण्याची मोकळीक द्यावी.

वर्गातील विद्यार्थीच दगावला असेल, तर त्याचे नाव हजेरीतून एकाएकी वगळू नये. काही दिवस त्याची जागा राखावी, मुलांना त्याच्याविषयी बोलू द्यावे, आणि मग वर्गाशी विचारविनिमय करून बैठक बदलावी.

कोणी काय करावे?

सर्वांनी हळहळ व्यक्त केली आणि कोणीच जबाबदारी घेतली नाही, असे वारंवार घडते. म्हणून प्रत्येक मुलामागे एक शिक्षक नेमावा. घर, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, ग्राम बाल संरक्षण समिती व शाळा व्यवस्थापन समिती यांच्याशी संपर्क त्यानेच ठेवावा. मूल दुसऱ्या गावी जाणार असेल, तर जुन्या शाळेच्या शिक्षकाने पालकांची संमती घेऊन नव्या शाळेस दूरध्वनी करावा. कोण वारले, केव्हा वारले, मुलास काय सांगितले आहे आणि कशाने त्यास बरे वाटते, या चार गोष्टी पुरेत. त्या केवळ वर्गशिक्षक व मुख्याध्यापक यांच्यापाशी राहाव्यात. शिक्षक-खोलीतील गप्पांचा तो विषय नव्हे.

आर्थिक साहाय्याची माहितीही शाळेनेच पोहोचवावी, कारण शोकात बुडालेल्या विधवेस कचेऱ्यांच्या वाटा ठाऊक नसतात. बालसंगोपन योजनेचा लाभ दोन्ही पालक गमावलेल्या मुलाप्रमाणे एक पालक गमावलेल्या मुलासही मिळू शकतो. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांच्याकडे जातो आणि बालकल्याण समिती आदेश देते. मृत्यूचा दाखला, शाळेचे बोनाफाईड व बँक खाते ही कागदपत्रे जमविण्यास शिक्षकाने हातभार लावावा. मूल निराधार वा संकटात असल्यास बालसाहाय्य दूरध्वनी १०९८ आणि मनाच्या त्रासाबद्दल सल्ल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. मरणाची भाषा बोलणारे, अन्न टाकणारे अथवा काही महिन्यांनंतरही कोणातच न मिसळणारे मूल आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब लावू नये.

वर्षभर लक्ष

तेरावे झाले की पाहुणे पांगतात आणि शोकाचा खरा काळ तेव्हाच सुरू होतो. नेमलेल्या शिक्षकाने वर्षभर महिन्यातून एकदा तरी मुलाशी स्वस्थपणे बोलावे व एक-दोन ओळींची नोंद ठेवावी. पहिली दिवाळी, वाढदिवस, निकालाचा दिवस आणि वर्षश्राद्ध या तिथी आधीच टिपून ठेवाव्यात. पालकसभेस आजोबा वा मामा आले, तर त्यांचाही पालक म्हणूनच आदर व्हावा. यासाठी निराळे अनुदान लागत नाही. एका नावापुढे एका शिक्षकाचे नाव लिहिले जाणे आणि त्या शिक्षकाने ते वर्षभर पाळणे, एवढेच लागते. शिक्षक बदलून गेल्यास ही नोंद त्याने कार्यभारासोबत पुढील शिक्षकाच्या हाती द्यावी.