पिवळा थेंब, काळी बाटली, गप्पी मासा

गावाच्या टोकाला, जिथे पाइपलाइन संपते त्या घराच्या नळाला पाणी आलं की पालिकेचा माणूस काचेच्या छोट्या नळीत ते भरून घेतो. त्यात ऑर्थोटोलिडीनचे दोन-चार थेंब टाकतो आणि नळी उजेडात धरतो. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग बदललाच नाही, तर लगेच साहेबांना फोन. ही ‘ओटी टेस्ट’. मिनिटभराचं काम, पण अख्ख्या गावाचं पोट तिच्यावर अवलंबून असतं.

नमुना टोकाचाच का? टाकीजवळच्या नळाला क्लोरीन सापडणारच, त्यात विशेष काही नाही. शेवटच्या घरी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. वाटेत घाण मिसळली की क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो आणि टोकाला काही उरत नाही. म्हणजे रंग न येणं ही मधे कुठेतरी पाइप फुटल्याचीही खूण असते.

फुटक्या पाइपातून पाणी बाहेर जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. आतही येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. बहुतेक छोट्या गावांत पाणी दिवसाकाठी तास-दोन तास सुटतं. बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचं पाणी त्याच भोकातून आत खेचलं जातं. गॅस्ट्रो आणि काविळीच्या कितीतरी साथी अशाच सुरू होतात. नळाला थेट मोटर लावणाऱ्यांनी तर हे नीट ऐकावं: मोटर पाणी ओढते, तसंच भोकापाशी साचलेलं गटारही ओढते.

आणि पाण्यात क्लोरीनसाठी टाकतात ती टीसीएल पावडर. ताजी असताना तिच्यात साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडून राहिलं, की क्लोरीन उडून जातो. पावडर दिसायला तशीच पांढरीशुभ्र, जोर मात्र गेलेला. किती किलो टाकली एवढंच विचारून भागत नाही; पोतं कुठे ठेवलं होतं, हेही विचारायला हवं.

रात्रीत काळी होणारी बाटली

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक साधी युक्ती जगापुढे मांडली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी, त्यावर पिण्याचं पाणी ओतायचं, झाकण लावून उबदार जागी ठेवायची. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात आणि पाणी काळंठिक्कर पडतं. प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको. शाळेतल्या मुलांनाही करता येते अशी ही चाचणी आज कितीतरी देशांत वापरली जाते.

ग्रामपंचायतींच्या पाण्यासाठी तर आपल्याकडे कार्डच आहेत. विहीर, टाकी, व्हॉल्व्ह, आजूबाजूची घाण हे सगळं वर्षातून दोनदा तपासायचं आणि धोक्यानुसार लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड द्यायचं. सलग पाच वर्षं पाण्यातून साथ आली नाही आणि हिरवं टिकलं, तर चंदेरी.

डासांचा मामला

डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. रांजण, हौद, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून साठवलेलं पाणी ओतून देण्याचा ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा.

पण नुसतं पाणी ओतून दिलं की काम झालं, असं नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून आशाताई सांगतात तसं रांजण आतून घासायचाच. घासणी नसेल तर नारळाची शेंडी चालते.

जे घासता येत नाही, तिथे गप्पी मासा. तो मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा, भारतात १९१० साली आणला गेला. अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतो, त्यामुळे एका डबक्यात मूठभर सोडले तरी संख्या आपसूक वाढते. तोंड वरच्या बाजूला वळलेलं, पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकलेल्या अळ्या टिपायला अगदी सोयीचं.

आणि संडासाच्या टाकीचा व्हेंट पाइप! रात्री गुणगुणणारा क्युलेक्स डास त्या टाकीत मजेत वाढतो आणि पाइपातून बाहेर पडतो. तोंडाला बारीक जाळी बांधली की वाट बंद. खर्च जवळजवळ शून्य, तरी निम्म्या गच्च्यांवर हे पाइप उघडेच दिसतात.

औषध नसताना घालवलेला रोग

नारू आता कुणाला आठवत नाही. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढत बसायचं. ना लस, ना औषध. दोष पायऱ्यांच्या विहिरींचा होता: नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की जंत तिथेच पिल्लं सोडायचा. पायऱ्या बंद केल्या, हातपंप आले, पाणी फडक्याने गाळा म्हणून घरोघर सांगितलं गेलं. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. फडक्याने जिंकलेली अशी दुसरी लढाई मला ठाऊक नाही.

देहूचे डॉक्टर, कोकणचे अप्पा

१९६० च्या आसपास डॉ. सुहास मापुसकर देहूच्या दवाखान्यात रुजू झाले. तेव्हा गावात संडास जवळजवळ नव्हतेच. त्यांनी लोकांना पटवून काही संडास बांधून घेतले, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते कोसळले. डॉक्टरांनी नाद सोडला नाही. ते अप्पासाहेब पटवर्धनांच्या कामाकडे वळले.

हे अप्पा म्हणजे कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. ब्राह्मणाला ते देता येत नाही, असं अधिकाऱ्यांचं उत्तर. अप्पांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात खुद्द गांधीजींनी उपोषण केलं. संडास साफ करण्याचा हक्क मागणारं हे आंदोलन आपल्या शाळेच्या पुस्तकात यायलाच हवं. पुढे अप्पांनी मैल्याचं सोनखत करणारे स्वस्त संडास कोकणात रुजवले.

त्याच धड्यावर देहूत घरोघर संडास उभे राहिले. मैल्यावर चालणारा ‘मलप्रभा’ गॅस प्रकल्प ही मापुसकरांची देणगी. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

छोट्यांची बाजी

एक लाखाच्या आतल्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणाचा देशातला पहिला क्रमांक २०२० साली कराडला, २०२१ ला विट्याला, २०२२ ला पाचगणीला, २०२३ ला सासवडला. सलग चार वर्षं, चार वेगळी गावं, चारही आपल्या महाराष्ट्रातलीच. वेंगुर्ल्याने तर कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करून डंपिंगच्या जागेचं पर्यटनस्थळ केलं, आणि प्लास्टिकचे तुकडे डांबरात घालून रस्ते बांधले.

पण मला सर्वांत जास्त कौतुक वाईचं आणि सिन्नरचं. सेप्टिक टँक भरून वाहायला लागली की मगच गाडी बोलवायची, ही आपली सगळ्यांची सवय. वर्षानुवर्षं गाळ साचतो आणि मग जे पाणी बाहेर पडतं, ते न निवळलेलंच नदीला मिळतं. या दोन गावांनी ठरवलं की दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पालिकेच्या वेळापत्रकानुसार उपसायची. घरमालकाने तक्रार करायची वाटच बघायची नाही. उपसलेला मैला थेट प्रक्रिया केंद्रात. वाईत या वेळापत्रकाचा थेट फायदा कृष्णेला होतो.

या कामात गाडीवाल्यांची सगळ्यात मोठी अडचण काय असते? टाकीचं झाकण सापडत नाही. घर दुरुस्त करताना लोक त्यावर खुशाल फरशी बसवून टाकतात. तेव्हा अंगणात नवी फरशी घालणार असाल, तर गवंड्याला झाकणाची जागा मोकळी ठेवायला सांगा. आणि गाडी येत नाही म्हणून कुणा मजुराला टाकीत उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने हा गुन्हा आहे: पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हा कायदा पालिकेइतकाच घरमालकालाही लागू आहे.