विश्लेषण : नायगावच्या मिठागरांतून सायकलवाट शक्य आहे का? फ्रान्सकडून नेमके काय घ्यायचे?

भाईंदर ते वसई रोड या टप्प्यात लोकलच्या खिडकीतून मिठागरांचे चौकोन दिसतात. त्यांच्यामधून गेलेल्या मातीच्या बांधांवर मोटार नाही, हॉर्न नाही. रुंद टायरच्या सायकली घेऊन कच्च्या वाटा धुंडाळणाऱ्यांना नायगावचा हा परिसर खुणावणे साहजिक आहे. फ्रान्सच्या ग्रामीण भागात अशा वाहनमुक्त वाटांचे हजारो किलोमीटरचे जाळे आहे. तसे काही इथे होऊ शकते का? उत्तर सायकलीत किंवा खडीत नाही. ती वाट कोणाची, या प्रश्नात आहे.

‘ग्रॅव्हल’ सायकलिंग म्हणजे काय?

शर्यतीच्या सायकलीसारखे वळलेले हँडल आणि साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे, कमी हवा भरलेले टायर, अशी ही सायकल. ती डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि मुरूम, खडी, माती यांवरही टिकते. हा प्रकार अमेरिकेत रुजला. कॅन्सस राज्यातील या प्रकारची प्रसिद्ध शर्यत २००६ पासून होते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२२ मध्ये इटलीत पहिली जागतिक ग्रॅव्हल स्पर्धा भरवली. शर्यत करणारे थोडेच. बाकीच्यांना ट्रकच्या चाकांपासून दूर, शांतपणे पन्नास-साठ किलोमीटर फिरायचे असते. त्यासाठी महागडी सायकल लागतेच असे नाही. वसईच्या वाड्यांमधून केळी, भाजी, फुले नेणाऱ्या साध्या काळ्या सायकलीने असल्या वाटा कितीतरी आधी पार केल्या आहेत.

फ्रान्समध्ये या वाटा आल्या कुठून?

सायकलस्वारांसाठी मुद्दाम बांधलेल्या त्यातल्या थोड्याच. बहुतेक दुसऱ्याच कामासाठी होत्या आणि ते काम संपल्यावर उरल्या.

पहिला वारसा कालव्यांचा. माणसे आणि घोडे काठावरून चालत दोरखंडाने होड्या ओढत, म्हणून कालव्याला समांतर सपाट वाट असे. दक्षिणेतील कनाल द्यू मिदी सतराव्या शतकातला. ब्रिटनीतील नांत ते ब्रेस्त कालव्याच्या काठची वाट सुमारे ३६० किलोमीटरची आहे. दुसरा वारसा रेल्वेचा. १८७९ च्या फ्रेसिने योजनेने खेडोपाडी छोटे लोहमार्ग गेले. मोटारी आल्या, प्रवासी घटले, विसाव्या शतकात त्यातले बरेच मार्ग बंद पडले. रूळ उचलले, पण भराव, पूल, बोगदे राहिले. बर्गंडीमध्ये जिव्री ते क्लुनी हा असाच ४४ किलोमीटरचा मार्ग १९९७ मध्ये सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी खुला झाला. फ्रान्समधला हा पहिला ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हरितमार्ग. तो डांबरी आहे. पुढच्या अनेक मार्गांवर मात्र दाबलेली वाळू किंवा बारीक खडी आहे. सप्टेंबर २००४ च्या शासकीय आदेशाने ‘हरितमार्ग’ ही संज्ञा तिथल्या वाहतूक संहितेत आली : बिगरमोटार वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखीव रस्ता.

तिसरा वारसा आपल्याला सर्वांत जवळचा आहे. गावाच्या मालकीच्या, शेतांमधून जाणाऱ्या मातीच्या वाटा. फ्रेंच कायद्यात त्यांना ‘शमां रुराल’ म्हणतात. त्या नगरपालिकेच्या असतात, पण लोकांच्या वापरासाठी खुल्या. लोकांचा वापर थांबला आहे हे दाखवल्याशिवाय आणि जाहीर चौकशी घेतल्याशिवाय नगरपालिकेला त्या विकता येत नाहीत.

तरीही तिथले चित्र गुलाबी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जमीन एकत्रीकरणात असंख्य वाटा आणि कुंपणाच्या झाडांच्या रांगा नांगराखाली गेल्या. एखाद्या शेतकऱ्याने वाट आपल्या शेतात मिसळून तीस वर्षे निर्वेध वापरली तर तो तिच्यावर मालकी सांगू शकतो. म्हणून फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने नगरपालिकांना आपल्या वाटांची मोजदाद करण्याची सोय दिली. मोजदाद सुरू असेपर्यंत तीस वर्षांचे ते घड्याळ थांबते. वाटा वाचवण्याची सुरुवात तिथे नोंदवहीपासून झाली.

नायगावमध्ये अशा वाटा कुठे आहेत?

नायगाव वसई खाडीच्या उत्तर काठावर आहे. पश्चिमेला कोळीवाडा, उमेळे आणि पुढे पापडी, वसई गावाकडे जाणारा जुना भाग. पूर्वेला जूचंद्र आणि बापाणेमार्गे मुंबई-अहमदाबाद महामार्ग. जूचंद्र आगरी वस्तीचे गाव, चंडिका देवीच्या डोंगरामुळे आणि रांगोळीकारांमुळे ओळखले जाणारे. आगरी या नावातच ‘आगर’ आहे. भरतीचे पाणी आत घेऊन ते टप्प्याटप्प्याने उन्हात आटवायचे, हे इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे काम.

या कामासाठी बांध लागतात. बाहेरचा मोठा बांध खाडीचे पाणी अडवतो, आतले छोटे बांध चौकोन वेगळे करतात. मोठ्या बांधांवरून माणसे, टोपल्या आणि मिठाची वाहतूक होई. सायकलस्वाराला जी ‘वाट’ दिसते, ती हीच. पश्चिमेकडे वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, विहिरींच्या कडेच्या पायवाटा आणि वसई किल्ल्याच्या आतले रस्ते, असे तुकडे तिला जोडता येतील. कागदावर मार्ग आखायला अर्धा तास पुरे.

मग अडचण काय?

बांध हा रस्ता नाही. मिठागरांची काही जमीन केंद्राच्या मीठ आयुक्तालयाच्या अखत्यारीत असून भाडेपट्ट्याने दिलेली आहे, काही खासगी आहे. बांधावरून जाण्याची मुभा ही तिथे काम करणाऱ्यांची सोय असते, सार्वजनिक हक्क नव्हे. ‘इतकी वर्षे कोणी हटकले नाही’ यावर उद्या कुंपण पडल्यावर दाद मागता येत नाही. मिठागरांच्या जमिनींकडे आता घरबांधणीच्या नजरेने पाहिले जाते, हे मुंबईत दिसलेच आहे : २०२४ मध्ये धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी सुमारे २५६ एकर मिठागर जमीन देण्याचा निर्णय झाला.

दुसरी गोष्ट, बांध नाजूक असतो. खाडीच्या चिकणमातीचा तो भराव दरवर्षी पावसाळ्यानंतर डागडुजी मागतो. पावसात चाकाने पडलेली चर पुढच्या उधाणात फुटण्याची जागा होऊ शकते. बांध फुटला तर मिठाबरोबर शेजारच्या शेतात खारे पाणी शिरते. जुलै २०१८ च्या पुरात वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकली होती. या सखल पट्ट्यात पाण्याची वाट आणि माणसाची वाट एकमेकांशी बांधलेल्या आहेत.

पक्का सायकल ट्रॅक बांधला तर?

नेमके तेच करता येणार नाही. मुंबई महापालिकेने पवई तलावाभोवती सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने पाणथळ जागेतील ते काम बेकायदा ठरवले आणि टाकलेला भराव काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. हेतू पर्यावरणस्नेही असला तरी भराव भरावच असतो.

नायगावला हे अधिक लागू आहे. बंद पडलेल्या मिठागरात भरतीचे पाणी खेळू लागले की काही वर्षांत तिवरे उगवतात. सप्टेंबर २०१८ च्या निकालात उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास मनाई केली. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध वेगळेच. म्हणजे पेव्हर ब्लॉक, दिवे, कठडे अशी ‘सुशोभित’ सायकलवाट इथे कायद्यात बसणे कठीण. ग्रॅव्हल सायकलीला मात्र यातले काहीच नको असते. जशी आहे तशी वाट राहू दिली की पुरे. आपल्याकडच्या निविदांच्या जगात ‘काहीच बांधू नका’ या कामाला शीर्षक मिळत नाही, ही खरी अडचण.

कोणत्या वाटांना कायद्याचा आधार आहे?

फ्रान्सशी खरी तुलना इथे होते. जुन्या गाव नकाशात वाटा दाखवलेल्या असतात. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. बैलगाड्या गेल्या, शेते पडीक झाली, वर इमारती आल्या, तरी नकाशावरची रेषा आपोआप पुसली जात नाही.

या वाटा मोकळ्या करण्यासाठी दोन जुनी हत्यारे आहेत. जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ शेताच्या बांधावरून जाण्याचा मार्ग ठरवण्याचा अधिकार तहसीलदाराला देते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ अडवलेली वहिवाट खुली करण्यासाठी आहे. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. फ्रान्समध्ये तीस वर्षे, इथे सहा महिने. शिवाय ही दोन्ही कलमे शेतजमिनीत ये-जा करणाऱ्यासाठी आहेत. रविवारी सकाळी फिरायला निघालेल्या सायकलस्वाराला ती थेट उपयोगाची नाहीत. वाट जिवंत राहील ती शेतकऱ्याच्या अर्जावर. सायकलस्वार तिचा पाहुणा.

मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असे निर्देश दिले. त्यामागे ट्रॅक्टर आणि यंत्रे आहेत, सायकल नाही. पण एकदा नोंद झाली की वाट ‘आहे’ असे म्हणायला कागद मिळतो.

भरती-ओहोटीचे गणित

हंगाम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा. पुढे मिठागरात मीठ उतरते, काम जोरात असते आणि झाडाची सावली औषधालाही मिळत नाही. पावसाळ्यात बांधावर सायकल नेऊच नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे पाणी चढते, तेव्हा खाडीलगतचे तुकडे टाळावेत. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. आणि मिठाच्या चौकोनात चाक घालू नये. ते कोणाचे तरी पीक आहे.

पाणजू या चित्रात कुठे बसते?

नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडीत पाणजू बेट आहे. तिथल्या रहिवाशांना होडी पकडावी लागते किंवा रेल्वेपुलाच्या कडेने चालत यावे लागते. धावत्या लोकलमधून खाडीत भिरकावलेले नारळ आणि निर्माल्य लागून या पुलावर चालणारे जखमी झाले आहेत, जीवही गेला आहे. वाहनमुक्त वाट ही शहरी माणसाची हौस वाटत असेल तर पाणजूकडे पाहावे. तिथे ती रोजची गरज आहे, आणि सुरक्षित स्वरूपात ती उपलब्ध नाही.

खाडी ओलांडण्याचा सायकलस्वारांना आता एक पर्याय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटर पडणारे अंतर पाण्यावरून साडेतीन किलोमीटरवर आले. महामार्गावरचा वर्सोवा पूल आणि घोडबंदरची अवजड वाहतूक टाळून वसईच्या जुन्या गल्ल्यांपर्यंत सायकलने पोहोचता येते, ते यामुळेच.

आता काय करता येईल?

सिडकोने केलेला वसई-विरारचा विकास आराखडा २०२१ पर्यंतचा होता. नव्या आराखड्यात गाव नकाशातले गाडीमार्ग आणि पायमार्ग एका थरावर उमटवले, तर कोणती वाट अजून मोकळी आहे, कोणती इमारतीखाली गेली आणि कोणती मिठागराच्या कडेपर्यंत पोहोचते हे दिसेल. त्यासाठी एक रुपयाचाही भराव लागत नाही. उमेळे, नायगाव, जूचंद्र यांचे गाव नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. हरित वसईच्या आंदोलनापासून इथल्या गावकऱ्यांना नकाशे वाचायची आणि हरकती नोंदवायची सवय आहे. आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. तुटक रेषांबद्दलची हरकत त्या मुदतीतच द्यावी लागेल.