घरातलं माणूस विसरू लागलं तर

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे फार जुनी. म्हाताऱ्या माणसाला चष्मा सापडेना, की आपण हसून ती म्हणतो. तेवढं चालतं. चष्मा कुठे ठेवला हे सगळेच विसरतात. पण चष्मा हातात आहे आणि तो कशासाठी असतो हेच आठवत नाही, असं झालं तर हसू नये. याला स्मृतिभ्रंश म्हणतात. तो मेंदूचा आजार आहे.

धाटावसारख्या गावातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जातो. घरी सून आणि म्हातारे सासरे. सासरे नुकतेच जेवून उठले आणि पुन्हा ताट मागू लागले. सून म्हणाली, "बाबा, आत्ताच तर जेवलात!" ते चिडले. "सून मला उपाशी ठेवते," असं शेजारी सांगत सुटले. शेजाऱ्यांना ते खरं वाटलं. पुढे एका संध्याकाळी "घरी जातो" म्हणून ते आपल्याच घरातून निघाले, ते रात्री कुंडलिकेच्या काठाला सापडले.

अशा वेळी बोल कुणाला लागतो? सुनेला. आम्हांला हा मोठा अन्याय वाटतो. सासरेही खोटं बोलत नव्हते. जेवल्याची आठवण त्यांच्या मेंदूत उमटलीच नव्हती. या आजारात बहुधा ताजी आठवण आधी जाते, जुनी मागे राहते. म्हणून ते 'घरी' म्हणतात ते लहानपणच्या घराला.

जर्मनीतले डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ साली अशाच एका बाईची हकीकत डॉक्टरांच्या सभेत सांगितली. या आजाराच्या मुख्य प्रकाराला त्यांचंच नाव आहे. दुसरा एक प्रकार रक्तदाब आणि साखर यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्या की होतो. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे शंभरात सात जण.

मग देवऋषी करावा का? नको. आधी डॉक्टर. कारण विसरण्याची काही कारणं बरी होण्यासारखी असतात. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, किंवा एखादं औषधच. हे तपासल्याशिवाय कळत नाही. रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवावं. पुढची गरज पडली तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे. खरा स्मृतिभ्रंश निघाला, तर तो पुरता बरा करणारं औषध अजून नाही. काही गोळ्यांनी थोडे दिवस बरे जातात, इतकंच.

तेव्हा उरते ती सांभाळणूक. रोग्याशी वाद घालू नका. "जेवलात की!" म्हणण्यापेक्षा "बसा, चहा टाकते" म्हटलेलं बरं. उठणं, अंघोळ, जेवण रोज ठरल्या वेळी ठेवा. खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

आणि सांभाळणारीचं काय? रात्ररात्र जागून तीही आजारी पडते. मुंबईसारख्या शहरात अशा रोग्यांना दिवसभर सांभाळणारी केंद्रं आहेत. डिग्निटी फाउंडेशन या संस्थेने तिथे असं काम केलं आहे. या रोगासाठी झटणारी 'अर्डसी' ही देशभरची संस्था १९९२ साली निघाली. पण धाटावहून रोज मुंबईला कोण नेणार? इथे नणंद, भावजय, शेजारीण यांनीच पाळी लावून घ्यावी. कारखान्यात पाळ्या लागतात, तशा घरात का लागू नयेत? आठवड्यातून दोन दुपारी जरी कुणी म्हाताऱ्यांजवळ बसलं, तरी सुनेला झोप मिळते.

फोनवरही विचारता येतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा सरकारी नंबर आहे. मन थकलं, रडू आवरेना, तर १४४१६ लावा. तिथे रात्रीही कुणीतरी बोलतं, मराठीतही बोलतं. दोन्हींना पैसे पडत नाहीत. फोन रोग्यासाठीच करावा असं नाही, सुनेने स्वतःसाठी केला तरी चालतो.