तारेतून न आलेला खर्ज

लँडलाइनची तार माणसाच्या आवाजातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचवते. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंचं मूळ कंपन मात्र सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळांच्या आसपास असतं. म्हणजे ज्या खर्जामुळे तो आवाज पुरुषाचा वाटतो, तो तारेतून येतच नाही. तरीही फोनवरचे वडील बारीक आवाजात बोलताहेत असं कुणालाच वाटत नाही. आवाज पातळ होतो, पट्टी बदलत नाही. कानापर्यंत न आलेला स्वर आपण रोज ऐकतो, आणि माझ्या मते ऐकण्यात मेंदूचा वाटा किती मोठा आहे याचा याहून साधा पुरावा मिळणं कठीण आहे.

स्वरतंतू १२० हर्ट्झनं कंपले की त्यासोबत २४०, ३६०, ४८०, ६०० असे पटीतले उपस्वरही उमटतात. अंतर्कर्णात वेटोळं घालून बसलेला कर्णावर्त हे मिश्रण सुटं करतो. त्यातलं लांबट पटल सुरुवातीला अरुंद आणि ताठ, टोकाला रुंद आणि सैल असतं. त्यामुळे उंच स्वर सुरुवातीला, खालचे स्वर टोकाकडे जास्त थरथर उठवतात. गेओर्ग फॉन बेकेशी यांना याच संशोधनासाठी १९६१चं नोबेल मिळालं. ही थरथर सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी विजेच्या संदेशात बदलून मेंदूकडे धाडतात. फोनवर १२० आणि २४०च्या जागा गप्प असतात. ३६०, ४८०, ६०० तेवढे बोलतात. शाळेतल्या मसाविप्रमाणे या तिघांना जोडणारी मोठ्यात मोठी संख्या १२०, आणि नेमकी तीच पट्टी आपल्याला ऐकू येते. मेंदू ती पटींच्या आराखड्यावरून ओळखतो की मज्जातंतूंच्या ठोक्यांमधल्या अंतरावरून, हा वाद अजून मिटलेला नाही.

हा स्वर मेंदू घडवतो, या म्हणण्यावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप एकोणिसाव्या शतकातला आहे. ऑगस्ट झेबेक यांनी १८४०च्या दशकात सायरनवर प्रयोग करून, मूळ स्वर अगदी क्षीण असतानाही पट्टी त्याचीच ऐकू येते, असं दाखवलं. विजेच्या नियमामुळे परिचित असलेले ओम यांना ते पटलं नाही. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी ओम यांची बाजू घेतली: दोन स्वर एकत्र आले की कानाचीच यंत्रणा त्यांच्या फरकाएवढा तिसरा स्वर तयार करते, मग मेंदूला श्रेय कशाला? हा तर्क पोकळ नव्हता. कान असे स्वर खरोखरच निर्माण करतो. नवजात बाळांच्या श्रवण-तपासणीची एक पद्धत त्यावरच उभी आहे. पण तिसरा स्वर खरोखर कर्णावर्तात उमटत असेल, तर खालच्या पट्टीतल्या गोंगाटानं तो बुडायला हवा. १९५४ साली लिकलायडर यांनी तसा गोंगाट मिसळून पाहिला. प्रत्यक्ष वाजवलेला खालचा स्वर बुडाला, न वाजलेला ऐकू येतच राहिला. १९७२ साली हाउट्स्मा आणि गोल्डस्टीन यांनी एक उपस्वर डाव्या कानात, दुसरा उजव्या कानात सोडला. तरीही ऐकणाऱ्यांना हरवलेल्या मूळ स्वरांची चाल ओळखता आली. दोन्ही कानांतले संदेश पहिल्यांदा एकत्र येतात ते मेंदूच्या मुळाशी. तिथपर्यंत कोणत्याही एका कानाकडे पुरती सामग्रीच नव्हती.

मग हा निव्वळ भास म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. पलीकडच्या माणसाचे स्वरतंतू खरोखरच १२०नं कंपत असतात; मेंदू कल्पना रंगवत नाही, अपुऱ्या पुराव्यावरून आवाजाच्या उगमापर्यंत पोचतो आणि बहुधा बरोबर पोचतो. मात्र तो पुरावा सुट्या उपस्वरांचा हवा. ऐकू न येणाऱ्यांच्या कर्णावर्तात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये हजारो केसपेशींचं काम साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात, त्यामुळे उपस्वर वेगळे पोचतच नाहीत. म्हणूनच इम्प्लांट बसवलेल्या अनेकांना शांत खोलीतलं बोलणं छान समजतं, पण शब्द काढून नुसती चाल वाजवली की ओळखीचं गाणंही परकं होतं. शस्त्रक्रिया यशस्वी झाली का, हे केवळ शब्द किती कळतात यावरून ठरवणं म्हणूनच अपुरं आहे. आवाजातली विनवणी, राग, प्रश्नाचा चढ हे सारं बऱ्याच अंशी पट्टीच्या हेलकाव्यांतून कळतं, आणि पुनर्वसनात त्याचा सराव शब्दांइतक्याच आस्थेनं करून घेतला पाहिजे.